हेन्री व्हॅन्डाइक कार्टर

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (२२ मे १८३१, हल, इंग्लंड – ४ मे १८९७, स्कारबरो, इंग्लंड) हे इंग्रज शल्यचिकित्सक, शरीररचनाशास्त्रज्ञ आणि चित्रकार होते. ग्रेज अ‍ॅनाटॉमी या विख्यात ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील सर्व चित्रे त्यांनी काढली. जगभर त्यांची ओळख या चित्रांमुळे आहे. मात्र त्यांच्या आयुष्यातील सुमारे तीस वर्षे मुंबई आणि सातारा येथे सरकारी वैद्यकीय सेवेत गेली. या काळात सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्यांनी मायसेटोमा, कुष्ठरोग, मुतखडा, पुनरावर्ती ज्वर आणि हिवताप या रोगांचा अभ्यास केला. रुग्णाच्या रक्तातील जंतू भिंगातून पाहून रोगाचे निदान करण्याची पद्धत पश्चिम भारतात रुजवणाऱ्यांत त्यांची गणना होते.

याच काळात मुंबईत सेवेत असलेले आणि सूक्ष्मदर्शकानेच स्पंजांचा व इतर सूक्ष्म जलचरांचा अभ्यास करणारे निसर्गशास्त्रज्ञ हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) हे वेगळे गृहस्थ होत. नावातील साम्यामुळे दोघांच्या कामाची गल्लत होते.

प्रारंभिक जीवन

कार्टर यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगात सागरदृश्ये रंगवणारे चित्रकार होते. फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक यांच्यावरून मुलाचे मधले नाव ठेवण्यात आले. धाकटा भाऊ जोसेफ न्यूइंग्टन हाही चित्रकार झाला. हेन्रीने मात्र वैद्यकाची वाट धरली आणि लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिक्षण घेतले. घरात मिळालेले रेखाटनाचे शिक्षण शवविच्छेदनगृहात उपयोगी पडले.

१८५३ ते १८५५ या काळात ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेत शिष्यवृत्तीवर होते. तेथे त्यांना तुलनात्मक शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन आणि जॉन थॉमस क्वेकेट यांच्या हाताखाली काम करण्याची संधी मिळाली. क्वेकेट हे त्या काळातील इंग्लंडमधील अग्रगण्य सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ होते आणि १८४८ साली त्यांनी या उपकरणाच्या वापरावर ग्रंथ लिहिला होता. कार्टर यांच्या पुढील आयुष्याचा विचार करता ओवेन यांच्यापेक्षा क्वेकेट यांचा सहवास अधिक मोलाचा ठरला.

ग्रेज अ‍ॅनाटॉमी

सेंट जॉर्जेसमधील सहकारी हेन्री ग्रे यांनी विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचा ग्रंथ लिहिण्याचे ठरवले आणि चित्रांचे काम कार्टर यांच्याकडे सोपवले. दोघांनी मिळून शवविच्छेदन केले. ग्रे यांनी मजकूर लिहिला, कार्टर यांनी ३६३ चित्रे काढली. चित्रे लाकडी ठोकळ्यांवर उलटी काढावी लागत, म्हणजे छापल्यावर ती सुलट उमटत. अवयवांची नावे त्यांनी आकृतीतच, त्या त्या स्नायूवर किंवा धमनीवर लिहिली. विद्यार्थ्याला अक्षरावरून तळटीपेत शोधाशोध करावी लागू नये, हा त्यामागील हेतू होता, आणि ग्रंथाच्या यशात या साध्या सोयीचा वाटा मोठा आहे.

या कामासाठी कार्टर यांना एकदाच १५० पौंड मिळाले. ग्रे यांना प्रत्येक हजार प्रतींमागे तेवढीच रक्कम मानधन म्हणून ठरली होती. मुखपृष्ठाची मुद्रिते तपासताना ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान टंकात घेण्याची सूचना केली. ऑगस्ट १८५८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हते. ते काही महिन्यांपूर्वीच मुंबईला पोहोचले होते. ग्रे यांचे १८६१ साली देवीच्या रोगाने वयाच्या चौतिसाव्या वर्षी निधन झाले.

मुंबईत आगमन

ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत दाखल होऊन कार्टर मार्च १८५८ मध्ये मुंबईत आले. १८५७ चा उठाव अद्याप पूर्ण शमलेला नव्हता आणि त्याच वर्षी कंपनीचा कारभार संपून ब्रिटिश राजसत्तेचा अंमल सुरू झाला. कार्टर यांची नेमणूक ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र या विषयांचे प्राध्यापक म्हणून झाली. १८४५ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाला लागूनच जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय होते. विच्छेदनासाठी शव, तपासण्यासाठी रुग्ण आणि जतन केलेल्या नमुन्यांचे संग्रहालय अशा तिन्ही गोष्टी त्यांना एकाच आवारात उपलब्ध झाल्या.

१८५९ साली त्यांनी हॅरिएट बुशेल यांच्याशी विवाह केला. हा विवाह टिकला नाही.

मायसेटोमा

मुंबईतील पहिल्या काही वर्षांतच कार्टर यांचे लक्ष पायाच्या एका विचित्र रोगाकडे गेले. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या पायात काटा मोडतो. जखम भरून येते, पण काही महिन्यांनी वा वर्षांनी पाय सुजू लागतो, त्यावर गाठी येतात, गाठींना छिद्रे पडतात आणि त्यांतून पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर पडतात. वेदना बेताची असल्याने रुग्ण उशिरा येतो आणि तोवर हाडेही पोखरली गेलेली असतात. पाय कापण्याखेरीज त्या काळी दुसरा इलाज नव्हता. मदुराई भागातील डॉक्टरांनी १८४० च्या दशकात या रोगाची नोंद केली होती, म्हणून तो मदुरा पाय या नावाने ओळखला जाई.

कापलेल्या पायांतील दाणे कार्टर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही दाणे बंदुकीच्या दारूसारखे काळे होते, तर काही माशाच्या गाभोळीसारखे फिकट. दाणा चिरडून पाहिल्यावर त्यात एकमेकांत गुंतलेले तंतू दिसले. हे तंतू बुरशीचे आहेत आणि बुरशी हेच रोगाचे कारण आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला व १८६० साली रोगाला मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव दिले. एखाद्या मानवी रोगाचे कारण सूक्ष्म सजीव असू शकतो हे मत अद्याप सर्वमान्य झालेले नसताना केलेले हे विधान धाडसाचे होते.

तथापि दिसणे आणि सिद्ध होणे यांतील अंतर या प्रकरणात स्पष्ट झाले. जतन केलेल्या नमुन्यांवर गुलाबी रंगाची बुरशी उगवली. इंग्लंडमधील बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कली यांनी तिला कायोनिफे कार्टेरी असे नाव दिले आणि तीच रोगकारक बुरशी होय असे काही काळ मानले गेले. प्रत्यक्षात ती बाहेरून येऊन नमुन्यावर वाढलेली बुरशी होती आणि रोगाशी तिचा संबंध नव्हता. कलकत्त्यातील टिमोथी लुईस व डेव्हिड कनिंगहॅम या संशोधकांनी १८७५ साली बुरशीच्या सिद्धान्तावरच आक्षेप घेतला. त्याच्या एक वर्ष आधी, १८७४ साली, कार्टर यांचा या रोगावरील सचित्र ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता.

पुढील संशोधनाने दोन्ही बाजूंना अंशतः न्याय दिला. काळ्या दाण्यांचा रोग खरोखरच बुरशीने होतो. फिकट वा लाल दाण्यांपैकी बऱ्याच दाण्यांतील तंतू मात्र बुरशीचे नसून तंतुमय जिवाणूंचे असतात. असा एक जिवाणू व्हिन्सेंट यांनी १८९४ साली वेगळा केला. बुरशीचा तंतू जिवाणूच्या तंतूपेक्षा कितीतरी पट जाड असतो, पण दोन्ही शाखायुक्त असल्याने केवळ आकारावरून घोटाळा होणे स्वाभाविक होते. हा फरक आजही उपचाराच्या दृष्टीने निर्णायक आहे, कारण जिवाणूवरील औषधे बुरशीवर चालत नाहीत. कार्टर यांनी दिलेले मायसेटोमा हे नाव दोन्ही प्रकारांसाठी कायम राहिले.

सातारा आणि नॉर्वे

१८६३ ते १८७२ या काळात कार्टर सातारा येथे सिव्हिल सर्जन होते. महाविद्यालयाच्या दृष्टीने ही आडबाजूची नेमणूक होती, पण दख्खनमधील रोग जवळून पाहण्याची संधी त्यांना येथेच मिळाली. मुतखड्यांच्या सूक्ष्म रचनेवरील त्यांचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. खडा कापून पाहिल्यास त्यात झाडाच्या खोडाप्रमाणे एकावर एक थर दिसतात. हे थर कोणत्या स्फटिकांचे आहेत आणि ते कसे साचत गेले याचा मागोवा त्यांनी भिंगाच्या साहाय्याने घेतला.

कुष्ठरोगाचा अभ्यास त्यांनी मुंबईतच सुरू केला होता. ग्रँट महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर डॉ. भाऊ दाजी लाड हे त्याच सुमारास मुंबईत वनस्पतिज तेलाने कुष्ठरोगावर उपचार करून प्रसिद्धीस आले होते. कार्टर यांचा भर उपचारापेक्षा विकृतीवर होता. रोग्याच्या हातापायांतील मज्जातंतू जाड का होतात आणि बधिरता कशी येते हे त्यांनी विच्छेदन करून तपासले. युरोपात त्या वेळी कुष्ठरोग्यांसाठी सर्वांत सुसंघटित व्यवस्था नॉर्वेत होती. दीर्घ रजेच्या काळात कार्टर यांनी तेथील रुग्णालये पाहिली आणि १८७४ साली त्यांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. नॉर्वेच्या बर्गेन शहरात गेरहार्ड हान्सेन यांना कुष्ठरोग्यांच्या गाठींमध्ये दंडाकृती जंतू १८७३ साली दिसले होते. भारतात परतल्यावर कार्टर यांनी १८७६ साली काठेवाडात जाऊन या रोगाची पाहणी केली.

उपकरण आणि त्याची मर्यादा

कार्टर यांच्या पुढील कामाचे महत्त्व समजण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचे कार्य थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. वस्तू डोळ्याजवळ आणली की ती मोठी दिसते, कारण ती डोळ्याशी मोठा कोन करते. परंतु सुमारे २५ सेंटीमीटरपेक्षा जवळची वस्तू निरोगी डोळ्यालाही सहज स्पष्ट दिसत नाही. बहिर्वक्र भिंग ही अडचण दूर करते. वस्तू भिंगाच्या नाभीय अंतराच्या आत ठेवली की तिच्यापासून निघणारे किरण भिंगातून जाताना वळतात आणि ते दूरवरच्या मोठ्या वस्तूकडून येत असल्यासारखे डोळ्याला वाटते. ५ सेंटीमीटर नाभीय अंतराचे भिंग वस्तू सुमारे सहापट मोठी दाखवते. नाभीय अंतर जितके कमी, तितके विशालन जास्त.

संयुक्त सूक्ष्मदर्शकात हेच काम दोन टप्प्यांत होते. वस्तूजवळचे पदार्थ भिंग नळीच्या आत वस्तूची मोठी, उलटी, वास्तव प्रतिमा तयार करते आणि डोळ्याजवळची नेत्रिका त्या प्रतिमेलाच पुन्हा मोठे करून दाखवते. एकूण विशालन हा दोहोंचा गुणाकार असतो. चाळीसपट पदार्थ भिंग आणि दहापट नेत्रिका मिळून वस्तू चारशेपट मोठी दिसते. जुन्या भिंगांत प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर येत असे. दोन प्रकारच्या काचा जोडून हा दोष घालवलेली चांगली पदार्थ भिंगे १८३० नंतर जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्या कामामुळे बनू लागली.

मात्र नुसते विशालन वाढवत नेल्याने अधिक दिसते असे नाही. प्रकाश तरंगरूप असल्याने एकमेकांच्या फार जवळचे दोन बिंदू कोणत्याही भिंगाने वेगळे दाखवता येत नाहीत. एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ साली ही मर्यादा मांडली. सर्वोत्तम भिंगालाही ती साधारणपणे एका मायक्रोमीटरच्या पाचव्या भागाइतकी पडते. त्याखाली चित्र मोठे होते, पण तपशील वाढत नाही. १८७८ पासून पदार्थ भिंग आणि नमुना यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून वापरायची भिंगे मिळू लागली. तेल आणि काच यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा असल्याने तिरपे किरण वाया न जाता भिंगात शिरतात आणि सूक्ष्म तपशील अधिक स्पष्ट होतो.

पुनरावर्ती ज्वर

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन, म्हैसूर आणि मद्रास भागांत भीषण दुष्काळ पडला. लक्षावधी माणसे मेली. उपाशी कुटुंबे कामाच्या व अन्नाच्या शोधात मुंबईला येऊ लागली आणि १८७७ साली शहरात तापाची साथ पसरली. ताप एकाएकी चढे, सुमारे आठवडाभर राही, घाम येऊन एकदम उतरे आणि रोगी बरा झाला असे वाटत असताना आणखी सुमारे आठवड्याने परत येई. दुष्काळात नेहमी येणारा हा ताप उपासमारीमुळेच होतो, असा समज होता.

बर्लिनमधील ओटो ओबरमायर यांना अशाच तापाच्या रोग्यांच्या रक्तात हलणारे नागमोडी धागे दिसले होते. त्यांनी ते १८७३ साली प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी पटकीने त्यांचा मृत्यू झाला. मुंबईचा ताप तोच आहे काय, हा प्रश्न होता. कार्टर यांच्याकडे तेव्हा गोकुळदास तेजपाल रुग्णालयाची जबाबदारी होती. रोग्यांच्या बोटातून घेतलेल्या रक्तात त्यांना १८७७ साली तेच सर्पिल जंतू सापडले.

हे निरीक्षण किती नाजूक होते हे आकड्यांवरून ध्यानात येते. माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे साडेसात मायक्रोमीटर रुंद असते आणि चारशेपट विशालनाने ती ३ मिलिमीटरची, म्हणजे मोठ्या बाजरीच्या दाण्याएवढी दिसते. या जंतूची जाडी सुमारे ०.३ मायक्रोमीटर असते. तितक्याच विशालनाने ती ०.१२ मिलिमीटर होते, म्हणजे केसाएवढी आणि साध्या डोळ्याला ओळखता येण्याच्या जेमतेम काठावर. जंतू रंगहीन असतो. त्याची चाहूल बहुधा त्याच्या हालचालीवरूनच लागते: स्थिर रक्तपेशी धक्का बसल्यासारख्या हलताना दिसल्या की निरीक्षकाची नजर तेथे जाते.

कार्टर यांनी एका रोग्याचे रक्त एकदा पाहून समाधान मानले नाही. रोजच्या रोज रक्त तपासून त्यांनी जंतू आणि तापमान यांचा मेळ घातला. ताप असताना जंतू दिसतात, ताप उतरताना नाहीसे होतात आणि ताप उलटला की पुन्हा प्रकटतात, हे त्यांनी दाखवले. मायसेटोमात राहिलेली उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी पुढचे पाऊलही टाकले. रोग्याचे रक्त त्यांनी माकडांना टोचले, माकडांना ताप आला आणि त्यांच्या रक्तात तेच जंतू आढळले. रॉबर्ट कॉख यांनीही जवळपास याच सुमारास जर्मनीत माकडांवर असा प्रयोग केला होता. या कामात असताना कार्टर यांना स्वतःलाही हा ताप जडला, पण ते त्यातून बरे झाले.

या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ १८८२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्यांना स्ट्युअर्ट पारितोषिक दिले. दुष्काळाशी तापाचे नाते त्यांनी नाकारले नाही. केवळ भुकेने ताप उत्पन्न होत नाही, त्यासाठी जंतू लागतो, एवढेच त्यांनी दाखवले. जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो हे मात्र त्यांना उलगडले नाही.

हिवताप आणि अखेरची वर्षे

पुढे कार्टर ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अल्फोन्स लाव्हरान यांनी १८८० साली अल्जीरियात हिवतापाचा परजीवी रक्तात पाहिल्याचे जाहीर केले होते, पण अनेक डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. कार्टर यांनी १८८७ साली मुंबईतील रोग्यांच्या रक्तात तो पाहून लाव्हरान यांना दुजोरा दिला. भारतातील ही आरंभीची नोंद असूनही तिचा प्रसार फारसा झाला नाही. भारतीय वैद्यकीय सेवेतीलच रोनाल्ड रॉस यांना पुढे कित्येक वर्षे हा परजीवी सापडत नव्हता आणि १८९४ साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी दाखवल्यावरच त्यांची खात्री पटली. मुंबईतील उंदरांच्या रक्तातील एका लहान सर्पिल जंतूचे वर्णनही कार्टर यांचेच आहे. तो उंदीरदंश ज्वराचा एक कारक असल्याचे नंतर कळले.

१८८८ साली ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि स्कारबरो येथे राहू लागले. १८९० साली त्यांची राणी व्हिक्टोरिया यांचे मानद शल्यचिकित्सक म्हणून नियुक्ती झाली. त्याच वर्षी त्यांनी मेरी एलेन रॉबिसन यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन अपत्ये झाली. ४ मे १८९७ रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबाद येथे रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. सिकंदराबाद हे तेव्हा हैदराबाद संस्थानातील लष्करी ठाणे होते. परभणीसह मराठवाड्याचे सध्याचे जिल्हेही त्याच संस्थानात मोडत.

वारसा

ग्रेज अ‍ॅनाटॉमी आजतागायत नव्या आवृत्त्यांत निघत आहे. ग्रंथाच्या नावात कार्टर यांना स्थान मिळाले नाही. त्यांच्या दैनंदिनी व कागदपत्रे लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत. त्यांच्या आधारे बिल हेज आणि रूथ रिचर्डसन यांनी एकविसाव्या शतकात लिहिलेल्या पुस्तकांमुळे चित्रकार म्हणून त्यांचे श्रेय पुन्हा चर्चेत आले. मुंबई व साताऱ्यातील कामाची दखल त्या मानाने कमी घेतली गेली आहे.

पुनरावर्ती ज्वराच्या प्रसाराचा उलगडा १९०७ साली महाराष्ट्रातच झाला. नाशिक येथील मिशनच्या वसतीत तापाची साथ आली असता पर्सिव्हल मॅकी यांनी मुलामुलींच्या कपड्यांतील उवा तपासल्या. ज्यांच्या अंगावर उवा अधिक होत्या त्यांच्यातच ताप अधिक होता आणि उवांच्या शरीरात सर्पिल जंतू वाढलेले आढळले. भारतातील या जंतूला पुढे काही काळ कार्टेरी हे जातिनाम वापरले गेले. सध्या तो बोरेलिया रिकरेंटिस या जातीतच गणला जातो.